लग्नात आई-बाबांनी उभं कुठे राहायचं?

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "दोन्ही घरच्या पद्धती बाजूला ठेवून लग्न करणार, मग आम्ही काय पाहुण्यांसारखं खुर्चीत बसायचं?" हसत विचारलंत, पण मला ते लागलं. म्हणून जगभरच्या लग्नांत आई-वडील करतात तरी काय, तेवढंच वाचत बसले. कपडे, अंगठ्या, केक सोडून दिले. (ज्या पांढऱ्या गाऊनला आपण फार जुनी परंपरा समजतो, तो 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाने घातला आणि मग त्याची चाल पडली. त्याआधी बहुतेक जणी आपला त्यातल्या त्यात चांगला पोशाख घालायच्या, रंग कुठला का असेना.)

इंग्लंडची पद्धत तुम्ही सिनेमात पाहिली आहेच. बाप मुलीला हाताला धरून आणतो. तिथल्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनाग्रंथात धर्मगुरू सरळ विचारतो, ही स्त्री या पुरुषाला देतंय कोण? मुलाला मात्र कुणी देत नाही, आणि आईचं तर नावच नाही. मला हे पटत नाही. स्वीडनमध्ये वधू-वर बरोबरच चालत येतात. 2010 मध्ये तिथल्या युवराज्ञीला वडिलांचा हात धरून यायचं होतं, तर चर्चमधूनच नाराजी उमटली. शेवटी राजाने तिला वाटेत उभ्या असलेल्या नवऱ्यापाशी आणून सोडलं आणि पुढे ती दोघं मिळून गेली.

मला आवडली ती ज्यू लोकांची रीत. चार खांबांवर कापड ताणून केलेल्या मांडवाखाली, म्हणजे हुप्पाखाली, लग्न लागतं. बऱ्याच लग्नांत मुलीला तिचे आई-वडील दोघं तिथवर आणतात, आणि मुलालाही त्याचे.

कोरियात आजकालच्या हॉलमधल्या लग्नाची सुरुवातच दोन्ही आया करतात. मुलाची आई निळी मेणबत्ती लावते, मुलीची आई लाल किंवा गुलाबी. नंतर प्येबेक नावाचा घरच्यांपुरता विधी. जोडपं वाकून नमस्कार करतं, मद्याचा पेला देतं, आणि वडीलधारे बोरासारखी लाल सुकी फळं आणि चेस्टनट त्यांच्याकडे उडवतात. ती दोघांनी धरलेल्या कापडात झेलायची. जितकी झेलली तितकी मुलं होणार म्हणे! पूर्वी हा मान फक्त मुलाकडच्यांचा होता, आता अनेक घरांत मुलीचे आई-वडीलही बसतात. म्हणजे रीती बदलतात, आणि बदलल्या म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

पण दिसेल तो विधी उचलायचा नाही, हे आम्ही ठरवलंय. अमेरिकेत काही कृष्णवर्णीय जोडपी झाडूवरून उडी मारतात. गुलामांच्या लग्नाला कायदा मानत नव्हता, तेव्हा ती उडी हेच त्यांचं लग्न होतं. ते आपण गंमत म्हणून करणं मला बरं वाटत नाही.

तर बेत असा: तो त्याच्या आई-वडिलांबरोबर येईल, मी तुम्हा दोघांबरोबर. मधे मी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. कुणी कुणाला देणार नाही. बाबा, गुडघ्याची काळजी नको, अंतर थोडंच आहे आणि पुढे खुर्ची असेल. त्यानंतर चौघांनी बसायचं आणि आम्ही नमस्कार करायचा. मुलं किती, हा हिशेब मात्र नको!

आणखी एक मोह आवरत नाही. पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये शेवटच्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न झालं की आई-वडिलांना मधोमध बसवतात, आईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवतात आणि सगळे त्यांच्याभोवती नाचतात. मी तुमचं शेंडेफळ, म्हणजे ही संधी पुन्हा नाही. आई, तू "इश्श, काहीतरीच" म्हणणार हे ठाऊक आहे. म्हणूनच आत्ता विचारते. उत्तर लिहूनच पाठवा. फोनवर विचारलं की तुम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवता.

तुमची,
धाकटी