आवाज इंजिनाचा की स्पीकरचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टर्बोने, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या चक्राने, बिनटर्बो इंजिनांना हरवलं, असा ढोल पिटणारा आपल्या मोटार पुरवणीतला लेख काल सकाळी वाचला, रात्री पुन्हा वाचला. राग काही उतरला नाही, म्हणून हे पत्र.

आकड्यांशी माझं भांडण नाही. बिनटर्बोच्या फेरारी ४५८ चा ५४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ६००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना) मिळायचा. २०१५ च्या ४८८ ला दोन टर्बो बसले आणि ३००० लाच ७६०. मान्य. पण फेरारीने खालच्या गिअरमध्ये तोच टॉर्क मुद्दाम दाबून ठेवला, पूर्ण ७६० फक्त सातव्या गिअरला दिला, हे लेखकाने का गाळलं? आरपीएम चढेल तसा जोर चढावा, म्हणजे गाडी बिनटर्बोची वाटावी, म्हणून! जिंकलेला कधी हरलेल्याची नक्कल करतो का?

माझं दुखणं मात्र वेगळंच. आठ हजार आरपीएमपर्यंत फिरणारी सहा सिलिंडरची बिनटर्बो गाडी विकून मी त्याच कंपनीची नवी टर्बोवाली घेतली. तिच्या आवाजावर भाळलो, खोटं कशाला बोलू? भेटेल त्याला शेजारी बसवून ऐकवायचो. एक दिवस म्युझिक सिस्टिमचा अ‍ॅम्प्लिफायर गेला आणि गाण्यांबरोबर इंजिनाचीही वाचा बसली! मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "साहेब, तो आवाज स्पीकरमधूनच यायचा." टर्बोचं चक्र एक्झॉस्टच्या वाटेतच बसतं, बाहेर पडणाऱ्या वायूचा जोर खातं आणि त्याबरोबर आवाजही, हे ज्ञान मला असं झालं. विक्रेत्याला जाब विचारला, तर म्हणे, "पण ऐकायला छान वाटत होतं ना?" पुढे मी बोललोच नाही.

'लॅग', म्हणजे टर्बोचा जोर यायला लागणारा उशीर, 'इतिहासजमा झाला' असं लिहिणाऱ्याने ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मधोमध पेडल दाबून जोराची वाट पाहावी. येतो तो, नको त्या क्षणी येतो. बाकी उंच डोंगरावरच्या विरळ हवेत माझी जुनी गाडी धापा टाकायची, नवी टाकत नाही, हे कबूल. टर्बोच्या बाजूचा हा पक्का मुद्दा नेमका लेखात नव्हता!

जाता जाता : पुरवणीची पानं वाढवायला जागा कुठून आली, ते आमच्या सौ.नी शोधून काढलं. शब्दकोडं आता इतकं बारीक छापता की चौकटीत काना-मात्रा मावत नाही. समोरच्याच पानावर लेखातल्या गाडीची पानभर जाहिरात होती, त्याबद्दल मी काहीही म्हणत नाही.

आपला,
एक जुना वाचक