चित्त्याजवळ गाडी नेण्याचा सल्ला नको

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील केनियातल्या मसाई मारा अभयारण्यावरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण ‘ड्रायव्हरच्या हातावर थोडे डॉलर ठेवले की तो गाडी चित्त्याच्या अगदी जवळ घालतो’ हा सल्ला आपण छापायलाच नको होता. जुलैपासून आपल्याकडच्या सहली तिकडे निघतात आणि लोक हेच वाचून जाणार.

मारा अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. प्राण्यापासून किमान 25 मीटर लांब राहायचे, एका ठिकाणी पाचापेक्षा जास्त गाड्या नकोत आणि मागे गाड्या खोळंबल्या असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. हे नियम कशासाठी आहेत ते लेखात एका ओळीनेही आलेले नाही. सिंह आणि तरस टाळण्यासाठी चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेला. पिल्ले असलेली मादी गवतात दबून थॉमसन गॅझेल या लहान हरणांच्या कळपाकडे सरकत असते. तेवढ्यात मध्ये गाडी आली की कळप उधळतो. शिकार साधलीच तरी ती बराच वेळ नुसती धापा टाकत बसते आणि गाड्यांचा वेढा पडला तर खाणे सोडून उठते. चित्त्यांच्या संशोधक फेमके ब्रोकहाउस यांचा मारातलाच अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी पर्यटक असलेल्या भागात एका मादीची सरासरी 2.32 पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगली, गर्दीच्या भागात 0.21. हा आकडा वाचूनही कुणाला जवळचा फोटो हवासा वाटेल?

त्यात जमीन काळी, कापसाची. ओली असताना गाडी गेली की खोल चाकोऱ्या पडतात, पुढचा ड्रायव्हर त्या टाळून शेजारून जातो आणि गवताचा पट्टा रुंदच रुंद उखडत जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

शिवाय पकडला गेला तर भरडला जातो तो ड्रायव्हर, पर्यटक नव्हे. टिपवर घर चालत असताना त्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून सकाळी निघतानाच त्याला सांगावे, ‘नियम मोडू नका, चित्ता लांबून दिसला तरी टिप तेवढीच मिळेल.’ सोबत आठपट मोठे दाखवणारी (8×42) दुर्बीण ठेवावी. नदीकाठीही हेच. पलीकडच्या काठावर चढण्याची वाट गाड्यांनी अडवली की कळपाने नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (गायीसारखे दिसणारे मोठे आफ्रिकी हरीण) पाण्यातच मागे वळतात, एकमेकांवर चढतात. लेखात सगळा दोष मगरींवर टाकला आहे, पण मारा नदीत दरवर्षी सरासरी 6,250 विल्डबीस्ट बुडून मरतात आणि त्यांतले अगदी थोडे मगरींच्या पोटात जातात.

जवळून पाहायचेच असेल तर नाबोईशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे अभयारण्याबाहेरच्या खाजगी जमिनीवरील राखीव क्षेत्रात राहावे. तिथे पाहुण्यांची संख्या मर्यादित असते आणि शिस्त पाळून रस्त्याबाहेर जाता येते. ही जमीन मसाई या तिथल्या पशुपालक समाजातल्या कुटुंबांची आहे. गुरांच्या चराईला शिस्त लावून ते ती भाड्याने देतात आणि दरमहा पैसे घेतात. लेखात मात्र मसाई फक्त उड्या मारून नाचताना दिसतात. जमीनमालक, रेंजर, गाईड असलेला मसाई कुठेच नाही, शेण-मातीने घर लिंपणारी, किंबहुना ते घर स्वतः बांधणारी बाईही नाही. मुलाला योद्धा आणि पुढे ज्येष्ठ करणारे एंकिपाता, युनोतो आणि ओल्न्गेशेर हे तीन संस्कार युनेस्कोने 2018 मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. त्यांना दोन ओळी सहज देता आल्या असत्या.

आणि ‘प्रवासाची तयारी’ या चौकटीत पीतज्वराची (यलो फीवरची) लस नाही! केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस मोजक्या मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. फराळ प्लास्टिकच्या पिशव्यांतून न्या असेही चौकटीत म्हटले आहे. केनियात त्या 2017 पासून बंद आहेत आणि दंड जबर आहे. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे