ते दोन वर्ग परत घे, सायली

सातारा

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आवाज तुटत होता आणि आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली होती, म्हणून विषय अर्धाच राहिला. मला कळलं ते एवढंच, की लर्निंग कम्युनिटीतले, म्हणजे दोन विषय जोडून मुलांच्या एकाच तुकडीला शिकवायचे, दोन्ही वर्ग तू नोंदणीच्या कार्टमधून काढून टाकलेस आणि आता इंग्लिश १०१ आणि समाजशास्त्र वेगवेगळ्या सेक्शनमध्ये, वेगवेगळ्या वेळी घेणार आहेस. नोंदणी अजून पक्की केलेली नाहीस ना? मग ते दोन वर्ग परत टाक आणि जोडीनेच घे. "आई सांगते म्हणून" हे कारण तुला कधी पुरलं नाही, पुरूही नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या मैत्रिणीने सांगितलं की असले जोडीचे वर्ग कच्च्या मुलांसाठी असतात. तिचं सगळंच खोटं नाही. मधल्या काळात अमेरिकेतल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजांनी, ही पद्धत मुख्यतः अशा मुलांसाठी वापरली, ज्यांना इंग्रजी किंवा गणिताचे पायाभूत वर्ग आधी करावे लागत. पण मूळ कल्पना तिथली नाही. अलेक्झांडर माइकलजॉन नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९२७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात एक प्रायोगिक कॉलेज काढलं. तिथे पहिलं वर्षभर मुलं प्राचीन अथेन्सचा अभ्यास करायची, तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य सगळं त्यातूनच. दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका. विषयांचे कप्पे नव्हते. ते १९३२ साली बंद पडलं, पण विचार टिकला. पुढे १९७१ साली वॉशिंग्टन राज्यात एव्हरग्रीन स्टेट कॉलेज सुरू झालं, त्यांनी तर सबंध कॉलेजच एकत्र गुंफलेल्या अभ्यासक्रमांवर उभं केलं. न्यूयॉर्कमधलं तुझं लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजही १९७१ चंच, आणि त्याच दशकात तिथे विषय जोडून शिकवायला सुरुवात झाली. तेव्हा तू ज्याला कमीपणाचं समजते आहेस ती तुझ्याच कॉलेजची जुनी आणि मानाची परंपरा आहे.

तू पाठवलेले दोन्ही सिलॅबस मी काल रात्री शेजारी शेजारी ठेवून वाचले. तू ते एकेक करून वाचले असशील, म्हणून तुला ते नुसते दोन वर्ग वाटले. समाजशास्त्राच्या चौथ्या आठवड्यात स्थलांतर आणि शहर हा भाग आहे, आणि त्यात आपल्या वस्तीतली एक जागा निवडून तिथे तासभर बसून टिपणं काढायची आहेत: कोण येतं, कोण कोणाशी बोलतं, कोण नुसतं निघून जातं. आता इंग्लिशचा सहावा आठवडा बघ. दुसरा निबंध त्याच टिपणांवरून लिहायचा आहे, आणि तो दोन्ही शिक्षक वाचणार आहेत. इंग्लिशच्या बाई मांडणी आणि भाषा बघतील, समाजशास्त्राचे सर पुरावा आणि निष्कर्ष. एका निरीक्षणावर दोन माणसं दोन बाजूंनी मेहनत घेणार. वेगवेगळ्या सेक्शनमध्ये गेलीस तर इंग्लिशमध्ये कुठल्या तरी भलत्याच विषयावर निबंध लिहिशील आणि समाजशास्त्रात वेगळाच पेपर. काम दुप्पट, आणि एकाचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही.

रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरच्या गाडीच्या पुलाखाली तू लहानपणापासून चालते आहेस. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या जिन्याखाली मोमोवाले, फोनची कार्डं विकणारे, इक्वाडोरच्या बायकांच्या फळांच्या गाड्या, हे सगळं तुला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टीकडे नव्याने बघायला शिकवणारा आणि मग ते नीट लिहून घेणारा वर्ग समोरून चालून येतो आहे. तो सोडू नकोस.

आता तुझी खरी तक्रार. दर वर्गात तेच पंचवीस चेहरे, कंटाळा येईल म्हणालीस. बाळा, मला तर त्याचंच सगळ्यात जास्त मोल वाटतं. कम्युनिटी कॉलेजला होस्टेल नसतं, मेस नसते. मुलं गाडीने येतात, तास करतात आणि कामावर पळतात. पहिल्या सत्रात चार विषय घेतले तर चार वेगळ्या खोल्यांत चार वेगळ्या गर्दीत बसायचं, आणि सत्र संपलं तरी शेजारच्या मुलीचं नाव माहीत नसतं. आजारी पडून दोन तास बुडाले तर वही कोणाची मागायची? तू बोलकी आहेस, तरी शाळेतून नवीन जागी गेल्यावर पहिले काही महिने तू कशी गप्प असतेस ते मला माहीत आहे.

मी इथे बी.एस्सी. केलं तेव्हा लेक्चरला शंभरेक मुलं असायची, पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आमची बॅच ठरलेली होती. आठवड्यातून दोनदा तीच माणसं, तेच टेबल. टायट्रेशन करताना एकीने ब्युरेटकडे बघायचं, दुसरीने फ्लास्क हलवायचा, तिसरीने रीडिंग लिहायचं. एकीचं रीडिंग चुकलं तर सगळ्यांचं चुकायचं, म्हणून एकमेकींना विचारल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. जर्नल सर्टिफाय करायची तारीख जवळ आली की बॅचमधल्या कोणाकडे तरी जमायचं. त्यातली एक मुलगी कोरेगावहून एस.टी.ने यायची, दुसऱ्या वर्षी घरच्यांनी तिचं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा आम्ही तिघी तिच्या घरी जाऊन बसलो. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या शंभर जणांतलं कोणी गेलं नसतं, कारण ती येत नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नसतं. ती आज पंचायत समितीत नोकरीला आहे. तुला ही ओळखीची ताकद पहिल्याच सत्रात मिळावी असं मला फार वाटतं.

हे केवळ माझ्या आठवणीवरून बोलत नाही. व्हिन्सेंट टिंटो म्हणून सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक होते. मुलं कॉलेज अर्ध्यात का सोडतात यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांनी नव्वदच्या दशकात सिएटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजमधले आणि तुझ्या लाग्वार्डियातलेही असे जोडलेले वर्ग अभ्यासले. त्यांना दिसलं ते असं, की वर्गात जुळलेली माणसं वर्गाबाहेरही एकत्र अभ्यास करायला लागतात, आणि नोकरी करून, घर सांभाळून येणाऱ्या मुलांना मैत्री आणि अभ्यास यांतून एक निवडावं लागत नाही, दोन्ही एकाच जागी होतं. तुझ्यासारख्या आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या मुलीसाठीच जणू हे लिहिलं आहे.

पण तुला नुसती गोड बाजू सांगणार नाही. ब्रुकलिनमधलं किंग्जबरो कम्युनिटी कॉलेज तुझ्या क्युनीचंच, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचंच. तिथे २००३ ते २००५ या काळात एमडीआरसी या संशोधन संस्थेने १,५३४ मुलांवर मोठी चाचणी केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं दोन गटांत वाटली: एका गटाला जास्तीत जास्त पंचवीस जणांच्या तुकडीत तीन जोडलेले विषय, शिवाय समुपदेशक, शिकवणीची मदत आणि पुस्तकांसाठी पैसे, दुसऱ्या गटाला नेहमीचं कॉलेज. जोडीच्या वर्गातली मुलं पहिल्या सत्रात जास्त विषय पास झाली, इंग्लिशच्या पात्रता परीक्षा लवकर पास झाली, आणि कॉलेज आपलं वाटतं असं त्यांनी अधिक सांगितलं. पण पुढच्याच सत्रात टिकून राहणाऱ्यांचा आकडा लगेच वाढला, असं मात्र झालं नाही. नंतर हीच कल्पना सहा कॉलेजांत तपासली. तिथे पायाभूत वर्गांवर भर होता, आणि फायदा निघाला तो त्या विषयात सरासरी अर्ध्या क्रेडिटच्या आसपास (तुझ्या या एकेका वर्गाचे तीन क्रेडिट आहेत). कॉलेजात टिकण्यात फरक दिसला नाही.

मला यातून एवढं समजतं, की दोन वर्गांना नुसती एका दोरीने गाठ मारून काही होत नाही. शिक्षक आपसात बोलत नसतील, निबंध वेगळे, वेळापत्रक वेगळं, आणि मुलांना विचारायला कोणी नसेल, तर ती जोडी कागदावरच राहते. म्हणून मी सिलॅबस शेजारी ठेवून बघितले. तुझ्या जोडीत गाठ खरी आहे, ते सहाव्या आठवड्याच्या निबंधावरून दिसतं.

आणि तुझं नशीब म्हणजे तुला एएसएपी हा मदतीचा कार्यक्रम मिळाला आहे. क्युनीने ते २००७ साली सुरू केलं, तेव्हापासून त्यात पूर्णवेळ शिक्षण, नेमून दिलेला सल्लागार, पुस्तकांची मदत, प्रवासाचा पास हे सगळं एकत्र आहे, आणि सुरुवातीच्या सत्रांत जोडीचे किंवा एकगठ्ठा वेळापत्रकाचे वर्गही त्यात होते. त्याचीही एमडीआरसीने तशीच चाचणी केली, आणि त्यात लाग्वार्डियाही होतं. तीन वर्षांत पदवी घेणारी मुलं साधारण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. दुप्पट म्हणायला हरकत नाही. बाबांना आणि मला एएसएपीच्या पत्रावर सही करताना जो आनंद झाला होता तो त्या आकड्यामुळेच. तुझ्याकडे सल्लागार आहे, पास आहे, पुस्तकांची सोय आहे. वर्गातली माणसं तेवढी बाकी आहेत, आणि ती तू स्वतःहून कार्टमधून काढून टाकलीस.

एक धोका मात्र आधीच समजून घे, कारण तो पैशांशी जोडलेला आहे. जोडीतला एक वर्ग सोडायचा झाला तर दुसराही सोडावा लागू शकतो. तीन आणि तीन, सहा क्रेडिट एकदम गेले. पूर्णवेळ धरायला १२ लागतात, आणि एएसएपी पूर्णवेळवरच आहे. तुझ्या इतर विषयांचे मिळून सात होतात, म्हणजे सत्राच्या मध्यात कंटाळून बाहेर पडायची मुभा तुला जवळजवळ नाही. म्हणून जे काही विचारायचं ते सत्र सुरू होण्याआधी विचार. तुझ्या सल्लागाराकडे मंगळवारी वेळ मिळते म्हणालीस ना? तिला विचार की हे दोन शिक्षक याआधी एकत्र शिकवत होते का, की यंदाच पहिल्यांदा जोडलेत. समाजशास्त्र फ्लेक्झिबल कोअरमध्ये धरलं जाईल का, तेही विचार; तो क्युनीच्या ३० क्रेडिटच्या कॉमन कोअरचा, म्हणजे सगळ्यांना सामायिक असलेल्या विषयांचा भाग आहे, आणि त्यात ते बसलं तर पुढे क्युनीच्याच क्वीन्स कॉलेजला किंवा हंटरला गेलीस तरी वाया जाणार नाही. आणि एक वर्ग खरंच सोडायची पाळी आली तर नेमकं काय होतं, ते तिच्याकडून ई-मेलवर लिहून घे. तोंडी नको.

आता कामाचं. मंगळवार-गुरुवारची सगळी दुपार अडकते आणि फार्मसीतली शिफ्ट जाते, हे तू शेवटी हळूच म्हणालीस, आणि मला वाटतं खरं कारण तेच आहे. तुला बाबांवर भार टाकायचा नाही, हे मला कळतं आणि त्याचं कौतुकही आहे. पण हिशोब करून बघ. जोडीचे वर्ग लागोपाठ आहेत, मध्ये तासभर रिकामा जात नाही. वेगवेगळे घेतलेस तर आठवड्याचे चार दिवस कॉलेजला जावं लागेल, इथे तीन. म्हणजे सोमवार आणि शुक्रवार तुझे पूर्ण मोकळे. फार्मसीतल्या मॅनेजरना आत्ताच सांग की सप्टेंबरपासून मंगळवार-गुरुवार दुपारी जमणार नाही, त्याऐवजी सोमवार-शुक्रवार पूर्ण दिवस येईन. शाळा उघडली की त्यांनाही सोमवारी माणूस लागतोच. ऐकलं नाही आणि दोन-चार तास कमी झाले तर होऊ देत. तेवढे पैसे आम्ही बघू; त्यासाठी पहिलं सत्र एकटीने काढू नकोस.

आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. ते झालं आणि ड्रॉप्सचं वेळापत्रक मामीला नीट समजावून दिलं की मी परत तिकडे यायला निघेन. तोवर डाळी आणि पीठ खालच्या कपाटात आहे, बाबांना सांग की रात्री उशिरा नुसत्या ब्रेडवर भागवू नका. तू उद्याच कॉलेजच्या साइटवर जाऊन जागा शिल्लक आहेत का बघ; दोन्ही सेक्शनमध्ये जागा असेल तरच नाव लागतं, एकात संपली की जोडी गेली. नाव लागलं की स्क्रीनचा फोटो पाठव. तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी उठल्या उठल्या बघेन.

तुझी,
आई