खाली दोन ओळी का लिहीत नाही

टिळकवाडी, बेळगाव
आषाढ, रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बसूनच असतोस न्हवं अजून?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण बाबा, सकाळी सहा ते नऊ मी खरंच नुसता बसलेला असतो. समोर दोनशे पानी वही, हातात पेन्सिल, डोक्यात बिनशब्दांचं हास्यचित्र. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन वस्तू शेजारी मांडायच्या, न्हावी आणि छत्री, वरात आणि ट्रॅफिक सिग्नल, आणि ठिणगी पडते का बघायची. वीसातल्या एकोणीस कल्पना जागीच मरतात. निपाणीच्या वखारीत तुम्ही तंबाखूचा पाला हातात चुरगळून प्रत सांगायचात, तसंच काहीसं. फरक एवढाच की तुमच्या हाती निदान पाला तरी असायचा.

सध्या घाई आहे. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची रीत पाडली, तिचा घाम मला आषाढात फुटतो. गणपती बसेपर्यंत चित्रं संपादकांच्या हातात पडायला हवीत. (पैशांचं विचारू नका. एका अंकाचं मानधन पुढच्या दिवाळीला आलं, तेही दोनदा आठवण केल्यावर.)

आई, तुझी ती वाकळ मी चित्रात घेतली आहे. न विचारता. आजोबा वाकळ पांघरून गाढ झोपलेत. वाकळीचे चौकोन काळे-पांढरे, आणि दोन नातवंडं त्यावर बुद्धिबळ खेळताहेत. आजोबांच्या गुडघ्याच्या उंचवट्यावरून हत्ती घसरायला आलाय. आजी चहा घेऊन दारात, आणि एक पोरगं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प करतंय.

मी खूश. शाई लावायच्या आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्या अण्णांना कच्चं चित्र दाखवलं. ते कन्नड बोलणारे, मराठी जेमतेम. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "यजमान होग्यारेनरी?" म्हणजे, गेले काय? आडवा माणूस, भोवती घरची माणसं, दारात बाई! मी कपाळावर हात मारला.

घरी येऊन पुन्हा काढलं. आजोबांची मिशी घोरण्याच्या वाऱ्यानं वर उडवली, एक पाय वाकळीबाहेर काढला आणि अंगठा वाकडा केला. मुलांच्या माना पटावर आणल्या, नाहीतर ती तोंडाकडे बघत होती, म्हणून सगळा घोळ. नजर आधी मिशीवर, मग चौकोनांवर, शेवटी आजीवर जायला हवी. क्रम चुकला की हसू येत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा इतके हसले की चहा उतू गेला.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, "खाली दोन ओळी लिही की, लोकांना कळंल." म्हणून तर लिहीत नाही. इथं गल्लीच्या एका टोकाला मराठी, दुसऱ्या टोकाला कन्नड. पाटी कुठल्या भाषेत, यावर आपली हयात गेली. निदान चित्राला तरी पाटी नको. आणि हे काही माझं डोकं नव्हे. आपल्याच निपाणीजवळच्या भोजमध्ये १९२५ साली जन्मलेल्या हास्यचित्रकार शि. द. फडणीसांनी अख्खी कारकीर्द बिनशब्दांच्या चित्रांवर काढली. बसस्टॉपवर दोघं उभे, एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर: त्यांचं ते मुखपृष्ठ बघून आजही शब्द लागत नाहीत. तुम्ही भोजच्या बाजाराला जाता तेव्हा मला हेवा वाटतो, तो भाजीचा नव्हे.

आई, वाकळीच्या कडेचे टाके तिरके आहेत की सरळ, तेवढं बघून सांग. फोटो पाठवलास तर उत्तमच. रात्री शाई लावायला बसणार आहे.

आणि बाबा, मिशी तुमची आहे. पायाचा अंगठासुद्धा.

तुमचा,
बाळू