मागवाल्यांच्या घरची चूल चालू राहिली पाहिजे – संघर्ष निधीसाठी आवाहन

सगळ्या सभासदांना, जुन्या सभासदांना आणि सभासद नसले तरी ज्यांच्या घरात कोणी माग चालवतं किंवा विडी वळतं अशा सगळ्या अक्का-आण्णांना नमस्कार.

घाईत टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. काल रात्री अकरापर्यंत ऑफिसात अर्ज भरत बसलो होतो, आज सकाळी परत कामगार कार्यालयात जायचंय, आणि अध्यक्ष आण्णांनी बजावलंय की आवाहन आजच्या आज गेलं पाहिजे कारण धान्य संपत आलंय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्याचं तुम्हाला माहीत आहेच. प्रकरण चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. गेटला कुलूप लागून दोन महिने झाले. बेचाळीस माणसं बाहेर आहेत, त्यात माग चालवणारे आहेत, मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर आहेत, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आहेत, टॉवेलला शिलाई मारणाऱ्या आहेत. दोघं तर अठ्ठावीस वर्षं त्याच शेडमध्ये राबलेत. ऑर्डर नाही, सुताचा भाव परवडत नाही असं मालक सांगतात. खरंही असेल, धंद्याची अवस्था आपण रोज बघतोच. पण शेवटच्या महिन्याचा पगार, बोनस आणि ग्रॅच्युइटी हे काही उपकार नाहीत, ते केलेल्या कामाचे पैसे आहेत. तेवढंच मागतोय.

ग्रॅच्युइटीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण बरेच जण ऑफिसात येऊन हेच विचारतात. पाच वर्षं सलग काम झालं की हक्क लागतो. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि जितकी वर्षं काम केलं तितक्यांनी परत गुणायचं. आपल्याकडे मजुरी नगावर, मग महिन्याचा पगार कुठला धरायचा, तर शेवटच्या तीन महिन्यांत जे मिळालं त्याची सरासरी. इथंच सगळं अडतं. पैसे रोख दिलेले, पगाराची चिठ्ठी नाही, हजेरीचं रजिस्टर त्यांच्या कपाटात. एका मामांनी मात्र नगांचा हिशेब वहीत लिहून ठेवलाय, मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर, रोजची तारीख टाकून किती टॉवेल निघाले ते. ती वही हातात आली तेव्हा वकील साहेब पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. आज आपल्या सगळ्या दाव्याचा आधार ती वही, ईएसआयची (कामगार विम्याची) कार्डं आणि दोन-चार जणांच्या बँकेच्या नोंदी एवढाच आहे. त्याच्या झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, स्टॅम्प, तारखेला येण्याजाण्याचं रिक्षाभाडं, सगळं पैशावर येऊन थांबतं. वकील साहेब फी घेत नाहीत, फक्त खर्च घेतात, आणि मागच्या वेळचा तोही आपण अजून पूर्ण दिलेला नाही हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

मी विडी वळणाऱ्या आईची मुलगी आहे. आपल्या पूर्व भागात घरं कशी चालतात ते मला कोणी सांगायला नको. नवरा मागावर, बायको विडीला. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, दिवसभर मान वर न करता हजाराचा आकडा गाठायचा आणि मग कारखान्यात चेकरनं छाट काढली, म्हणजे विड्या नापास करून बाजूला टाकल्या, की तेवढी मजुरी गेली. मागाचा पगार बंद झाला की सगळं घर त्या सुपावर येऊन पडतं. सध्या त्या बेचाळीसपैकी बहुतेक घरं अशीच चाललीत, आणि विडीचं पानसुद्धा आठवड्यातले सगळे दिवस मिळत नाही.

ही लढाई एकट्या मागवाल्यांची नाही हे सगळ्यात आधी आपल्या विडीवाल्या अक्कांनीच ओळखलं. पहिल्या आठवड्यात, कुणी मागितलं नव्हतं, नीलमनगरच्या बायका ऑफिसात आल्या आणि हजार विड्यांमागं एक रुपया असा गोळा केलेला डबा टेबलावर ठेवला. डबा शेंगा चटणीचा होता, चटणीचा वास त्या नोटांना लागलेला. त्यातल्या एका अक्कांनी तर पेन्शनचे पैसे दिले. पेन्शन किती, तर महिन्याला एक हजार. आम्ही घेत नव्हतो. त्या म्हणाल्या, माझ्या पेन्शनचा कागद तुम्ही तीन वर्षं फिरून काढून दिलात, तेव्हा तुम्ही माझ्याकडून चहा तरी घेतला होता का? मग घेतले.

आणि आधीच्या दात्यांना कसं विसरायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद, विडी बंद, तेव्हा साखर पेठेतल्या त्या किराणावाल्या काकांनी उधारीची वही बाजूला ठेवून तांदूळ-डाळ दिली होती, आणि पुढं कधी एका शब्दानं आठवण करून दिली नाही. मार्केट यार्डातल्या हमाल बांधवांनी पोती उतरवायची हमाली घेतली नाही, उलट जाताना वर्गणी टाकून गेले. रिक्षावाल्या पोरांनी पोलिसांचे पास काढून घरोघरी पाकिटं पोचवली. रात्रशाळेचे निवृत्त सर, जे आज आपल्यात नाहीत, ते दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः येऊन पावती फाडून घ्यायचे आणि पावतीवर नावाऐवजी "एक कामगार" असं लिहायला लावायचे. त्यांचे वडील गिरणीत होते. आमच्या कपाटात त्या पावत्यांची सगळी पुस्तकं जपून ठेवलीत. ज्यांना बघायची असतील त्यांनी कधीही यावं, हिशेब उघडा आहे.

सोलापूरला हे नवीन नाही. १८७७ ला जुनी मिल चालू झाली, मग नरसिंगगिरजी झाली, लक्ष्मी-विष्णू झाली, भोंग्यावर हे शहर उठायचं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा गिरणी कामगार कामं टाकून रस्त्यावर आले, पुढं मार्शल लॉ लागला. ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, त्यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे होते. दरवर्षी १२ तारखेला आपण हुतात्मा चौकात हार घालायला जातो, त्याच दिवसांत गड्डा यात्रेची गर्दी असते, तरी आपली माणसं येतात. गिरण्या गेल्या, पण माणसं एकमेकांच्या पाठीशी उभी राहायची सवय गेली नाही असं मी तरी आजवर समजत आले.

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. नंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला मिळाल्या. ते काम कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांचं आणि त्यांच्या लाल बावट्याच्या युनियनचं आहे, आपल्या युनियनचं नाही, श्रेय ज्याचं त्याला द्यायलाच पाहिजे. पण त्या मोर्च्यांत आपल्याही बायका चालल्यात, माझी आई चाललीय. वर्षानुवर्षं अर्ज आणि मोर्चे केले तेव्हा भिंती उभ्या राहिल्या. झेंडा कुठला हे त्या वेळी कोणी विचारलं नाही.

आता थोडं मनातलं. मागच्या महिन्यात पूनम गेटसमोर धरणं होतं. मेसेज सगळ्यांना गेला होता, निळ्या टिका आम्हाला दिसतात. आले किती, तर बेचाळीस जणांतले तीस, विडीच्या वीस-बावीस बायका आणि पदाधिकारी. मंडपाच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांच्या पीएफमधल्या नावाची दुरुस्ती याच ऑफिसात झाली, आधारवर एक स्पेलिंग आणि पीएफला दुसरं म्हणून पैसे अडकलेले, ज्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म आम्ही रात्री जागून ऑनलाइन भरले, त्यातल्या काही जणांनी फोनही उचलला नाही. एकानं उचलला तो म्हणाला, आमच्या कारखान्यात सध्या सगळं ठीक आहे. ऐकून वाईट वाटलं. या बेचाळीस जणांच्या कारखान्यातही दिवाळीपर्यंत सगळं ठीकच होतं.

आणि ठीक कुठं आहे सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात विरघळले. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा त्यातच गेला, ज्या कायद्यानं घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे असं लिहून दिलं होतं. संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस, ती आता सगळ्यांनाच बंधनकारक. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी १०० कामगारांपासून लागायची, ती मर्यादा ३०० वर गेली. आपल्या मागांना तशीही ती लागत नव्हती म्हणा, एका छपराखालचे माग तीन नावांवर दाखवायचे म्हणजे पीएफ लागू व्हायला लागणारा वीस कामगारांचा आकडाच भरत नाही, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. म्हणून तर युनियन लागते. पेन्शनची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून एक हजारावर अडकलीय, त्यात आज औषधंसुद्धा येत नाहीत. विडीवरचा वेलफेअर सेस (विडी कामगारांच्या कल्याणासाठीचा कर) २०१७ ला जीएसटी आल्यावर गेला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये विडीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं ठरलं, तो १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला, तेंदूपानाचा त्याच सप्टेंबरात १८ वरून ५ वर आणला, त्यातला वाटा हजारी मजुरीत किती देणार हे आपण सगळ्या कारखान्यांना लेखी विचारणार आहोत, पत्र तयार आहे, सह्या घ्यायला या.

अजून एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. १८ मे २०२५ ला याच अक्कलकोट रोडला टॉवेल कारखान्याची आग, आठ जण गेले, मालकाचं कुटुंब आणि कामगार एकाच रात्रीत. त्या दिवशी सगळं सोलापूर हळहळलं. आपल्या किती शेडना मागचं दार आहे, सुताचे ढीग जिन्यात आहेत का, विजेच्या वायरी कशा आहेत, याची पाहणी करायची म्हणून एक टीम करायची आहे, त्याला आयटीआयची इलेक्ट्रिशियन झालेली पोरं हवीत. मालकांनाही त्यात बोलवतोय, जीव सगळ्यांचा सारखाच. पैसे नाही देता आले तरी या कामाला या.

हे सगळं एकदम चालू आहे आणि ऑफिसात आम्ही चौघं. शुक्रवारी पेन्शनवाल्या अक्कांचे हयातीचे दाखले करतो, विडी वळून वळून बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत, मशीनवर अंगठा उमटत नाही, मग चेहऱ्यावरून करायचं, एकेकीला अर्धा तास लागतो. तेलुगू, कन्नड, उर्दू लिहिता-बोलता येणारं एखादं पोरगं किंवा पोरगी शुक्रवारी दोन तास बसली तरी खूप होईल.

आता मदतीचं. प्रत्येक घराला पंधरा दिवसाला दहा किलो तांदूळ, पाच किलो ज्वारी, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल असं देतोय, कुंभारीकडची अकरा घरं धरून. पुढच्या बुधवारच्या वाटपाला डाळ आणि तेल नाही. कोर्टखर्च वेगळा, पुढची तारीख याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे, त्याआधी प्रतिज्ञापत्रं व्हायला पाहिजेत. चालू कामावर असलेल्या सभासदांनी एका दिवसाची मजुरी द्यावी अशी कार्यकारिणीची विनंती आहे, विडीवाल्या अक्कांकडून यावेळी काही घ्यायचं नाही असं ठरलंय, त्यांनी आधीच दिलंय. क्यूआर ऑफिसच्या दारावर लावलाय, त्याचाच फोटो काढून त्यावर पैसे पाठवा, दुसऱ्या कुठल्या नंबरवर पाठवू नका. रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय जायचं नाही. धान्य संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी दिवसभर. जुनी वह्या-पुस्तकंही चालतील, सहा मुलं यंदा दहावीला आहेत. रविवारी सकाळी दहाला ऑफिसात बैठक, बेचाळीस जणांची घरची माणसंही येणार आहेत, मागच्या वेळी ज्यांना जमलं नाही त्यांनी या वेळी याच. डबा स्वतःचा आणा, चहा आम्ही करतो.

आपली,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीनं)

ता. क. : वही लिहिणाऱ्या मामांना चष्मा लागलाय, नंबर काढून झालाय, करून घ्यायचा राहिलाय. कुणाच्या ओळखीचा चष्म्याचा दुकानदार असेल तर सांगा, तारखेला त्यांना ती वही स्वतः वाचून दाखवायची आहे.