आयर्लंडमधली यादवी फाळणीवरून झाली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरचा लेख वाचला. १९१६चा ईस्टर उठाव, जखमी जेम्स कॉनोलींना खुर्चीला बांधून घातलेल्या गोळ्या, ७४ दिवसांच्या उपोषणानंतर ब्रिक्स्टनच्या तुरुंगात प्राण सोडणारे कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी हे सारे लेखकाने तळमळीने मांडले आहे. पण शेवटी, फाळणी मान्य करावी की नाही यावरून आयरिश क्रांतिकारक एकमेकांच्या जिवावर उठले, असे एका ओळीत उरकले आहे. ते बरोबर नाही. फाळणी म्हटली की आपल्यासमोर १९४७ उभे राहते आणि तेच चित्र आपण आयर्लंडवर लादतो. म्हणून हे पत्र.

ही यादवी ज्यावरून झाली त्या, ब्रिटन आणि आयरिश क्रांतिकारकांमधल्या करारावर सह्या झाल्या ६ डिसेंबर १९२१ रोजी. फाळणी त्याआधीच झालेली होती. ब्रिटिश संसदेने १९२० मध्ये कायदा करून उत्तरेच्या सहा काउंटी (म्हणजे जिल्हे) वेगळ्या काढल्या आणि जून १९२१ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांनी बेलफास्टला येऊन तिथल्या संसदेचे उद्‌घाटनही केले. ब्रिटिश आणि क्रांतिकारक यांच्यात युद्धविराम झाला तो त्यानंतर, जुलैमध्ये. क्रांतिकारकांचे प्रतिनिधी मायकेल कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ लंडनला वाटाघाटींना बसले, तेव्हा उत्तरेचे सरकार कामाला लागले होते.

मग डब्लिनच्या डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेत, कडाक्याचे वाद झाले ते कशावरून? मुख्यतः राजाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेवरून. १९१६ मध्ये ज्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली, ज्याच्यासाठी माणसे मेली, ते सोडून साम्राज्यातले ‘फ्री स्टेट’ पत्करायचे का, हा प्रश्न होता. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या शॉन मॅकएन्टी यांच्यासारखे मोजके सभासद फाळणीवर पोटतिडकीने बोलले, पण ते अपवाद. कराराला विरोध करणारे क्रांतिकारकांचे अध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी स्वतःचा जो पर्यायी मसुदा मांडला, त्यातही उत्तरेबद्दलची कलमे जवळपास करारातलीच होती! ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी करार मंजूर झाला आणि डी व्हॅलेरा अध्यक्षपदावरून बाजूला झाले.

पुढे जे घडले ते वाचताना आजही जीव तुटतो. जूनच्या अखेरीस कॉलिन्स यांच्या सरकारने ब्रिटिशांकडून घेतलेल्या तोफांनी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीवर मारा केला. ती ताब्यात घेऊन आत बसलेले करारविरोधक म्हणजे कालपर्यंतचे सोबती. २२ ऑगस्टला कॉलिन्स स्वतःच्याच कॉर्क काउंटीत बेल ना ब्लाह इथे दबा धरून बसलेल्यांच्या गोळीला बळी पडले. वय अवघे ३१. करारवादी केव्हिन ओ’हिगिन्स आणि करारविरोधी रॉरी ओ’कॉनर यांची कथा तर त्याहून भीषण आहे. ऑक्टोबर १९२१ मध्ये ओ’हिगिन्स यांचे लग्न झाले, तेव्हा नवरदेवाचा पाठराखा म्हणून ओ’कॉनर शेजारी उभे होते. डिसेंबर १९२२ मध्ये एका संसद सदस्याच्या खुनाचा बदला म्हणून ओ’कॉनर यांच्यासह चार कैद्यांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या. त्या निर्णयाला ओ’हिगिन्स यांनी मंत्री म्हणून संमती दिली होती. दोन महिन्यांनी त्यांच्या वडिलांना घरात घुसून मारण्यात आले. १९२७ मध्ये ते स्वतः प्रार्थनेला जाताना मारले गेले. या यादवीत नव्या सरकारने ७७ जणांना अधिकृतपणे मृत्युदंड दिला. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी दिला त्याहून हा आकडा मोठा आहे.

आणि ज्या शपथेपायी हे झाले ती? तीच शपथ १९२७ मध्ये पोकळ औपचारिकता म्हणत डी व्हॅलेरा संसदेत बसले आणि सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी ती कायद्याने रद्द केली. हा करार म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, पण ते मिळवण्याची मोकळीक आहे, असे कॉलिन्स सांगत होते. माझ्या मते तेच खरे ठरले. फाळणीच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू चुकल्या. करारात ठरलेला सीमा आयोग नेमला की उत्तरेतल्या टायरोन आणि फर्माना या काउंटींमधला राष्ट्रवादी बहुसंख्येचा प्रदेश आपल्याकडे येईल, अशा भरवशावर सगळे राहिले. १९२५ मध्ये आयोगाचा अहवाल वर्तमानपत्रात फुटला, गदारोळ उठला, लंडन, डब्लिन आणि बेलफास्ट या तिन्ही सरकारांनी मिळून तो दडपला आणि सीमा होती तिथेच राहिली.

आमच्या मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी रकाने भरले. ते ज्या फिने गेल पक्षाचे, तो करारवाद्यांचा वारस. २०२० मध्ये त्यांनी डी व्हॅलेरांच्या फिअना फॉल पक्षाशी युती केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, कॉलिन्स यांच्या स्मृतिशताब्दीला, दोन्ही पक्षांचे नेते बेल ना ब्लाह इथे एकाच व्यासपीठावरून बोलले. ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आपल्या वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेच नाही.

तरी माझी विनंती अशी, की या विषयावर आणखी एक लेख द्यावा आणि त्यात सीमा आयोग व उत्तरेत मागे राहिलेल्या, बहुतेक राष्ट्रवादी असलेल्या कॅथलिकांची १९२२ ते १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंतची हकिकत सविस्तर यावी. डॉलमधल्या त्या वादात त्यांच्या वतीने बोलणारे फार थोडे होते.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, मालवण