पेशंट नसलेलं आरोग्य

डिचोली
मे महिन्याची अखेर

प्रिय सायली,

परवा फोनवर तू विचारलंस, "बी.ए. करून तू आरोग्यात करणार काय? तुमच्याकडे पेशंट असतात तरी कुठे?" आणि तेवढ्यात तुझा राऊंड सुरू झाला, फोन बंद. उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून हे पत्र. राग वगैरे काही आलेला नाही. आमचे काका हाच प्रश्न दर रविवारी याहून खवचटपणे विचारतात. 'नीट' हुकली म्हणून पोर समाजशास्त्रात पडली, असं त्यांचं ठाम मत आहे. जणू समाजशास्त्र म्हणजे विहीर.

तुमच्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजात ज्याला पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक म्हणतात, ज्याच्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर झोप काढता, तोच माझा मुख्य विषय आहे असं समज. तुम्ही त्याच्याकडे वैद्यकातून येता, आम्ही समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रातून. आपल्याकडे हा विषय बराच काळ डॉक्टर झाल्यावर शिकायचाच मानला गेला. बारावीनंतर थेट तो घेता येतो हे अजून पुष्कळांना माहीतच नाही. आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या पदवीत आरोग्याचे पेपर निवडता येतात, आणि शेवटच्या वर्षी गावात जाऊन एक छोटा अभ्यास करावा लागतो. मी आपल्या गोव्यातला सत्तरी तालुका निवडला. विषय माकडताप.

त्याची वैद्यकीय बाजू मी तुला काय सांगणार! 1957 मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला विषाणू, गोचिडीतून पसरणारा. आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात उतरतात आणि तिथे वावरणाऱ्या माणसाला चावतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. गोव्यात तो 2015 मध्ये सत्तरीत आला. हे सगळं तुला परीक्षेला पाच मार्कांना येईल. आता परीक्षेला न येणारं ऐक.

हा ताप डिसेंबर ते मे या काळात जोर धरतो. सत्तरीत याच दिवसांत काजूचा मोसम येतो. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपसूक गळलेलाच घेतात. म्हणजे माणसाला पाचोळ्यात वाकून, हाताने चाचपून तो उचलावा लागतो, तोही रोज सकाळी, कारण पडलेला बोंडू दुसऱ्या दिवशी कुजतो. गोचीड जिथे बसलेली असते नेमकं तिथेच बाईचा हात जातो. बाईचा म्हणते, कारण मी पाहिलं त्या बागायतींत वेचायला बायाच जास्त होत्या. पुरुष भाटीवर, रस मळायला आणि गाळायला.

एका घरी ओसरीवर बसून मी प्रश्नावली भरत होते. आरोग्य खात्याने दिलेल्या डेपा तेलाची बाटली समोरच्या कोनाड्यात, देवाच्या फोटोशेजारी, बूच न उघडलेली. गोचीड चावू नये म्हणून ते हातापायांना चोळायचं असतं. माझ्या प्रश्नावलीत त्यासाठी एकच चौकट होती: 'तेल वापरता का? हो / नाही'. 'नाही' वर खूण करून मी पुढे जाऊ शकले असते. पण कॉलेजातल्या आमच्या बाईंनी एक सवय लावलीय, 'नाही' आलं की पेन खाली ठेवायचं. ठेवलं. मग त्या घरची बाई बोलायला लागली. तेलाचे हात बोंडवाला लागले तर रसाला वास मारतो, गाळणारा कुरकुर करतो. उन्हात घाम आला की ते तेल डोळ्यांत उतरतं. आणि मग मुख्य गोष्ट: नवऱ्याने आणि दिराने मिळून बागायत पावणीत, म्हणजे मोसमापुरत्या लिलावात घेतलेली. पैसे मोसमाआधीच भरलेले, त्यातले काही सोसायटीचे, काही सोनं ठेवून. पाऊस पडायच्या आत ते सगळं वसूल व्हायला हवं. "माकड मेलेलं दिसलं तर कळवा म्हणतात. कळवलं आणि बागेत जाऊ नका म्हणाले, तर पावणीचे पैसे कोण परत देणार?"

सायली, या बाईला अडाणी म्हणायची तुझी हिंमत आहे का? माझी नाही. तिला गोचीड ठाऊक आहे, ताप ठाऊक आहे, शेजारच्या वाड्यावरचा माणूस कसा आठवडाभर तापाने फणफणला तेही ठाऊक आहे. तिने हिशेब केलाय आणि तो चुकीचा नाही. म्हणजे जनजागृतीची आणखी पत्रकं छापून तिथे काही हलणार नाही. त्या गावात ताप अडवायचा तर आधी पावणीची तारीख आणि तिचे हप्ते समजून घ्यायला हवेत. माकड सापडलेल्या बागेपुरती रक्कम माफ होईल अशी सोय झाली, तर माकड मेल्याची बातमी दुसऱ्या मिनिटाला खात्यात पोचेल. हे माझं मत, सरांना ते फार भाबडं वाटतं. पण माझ्या अहवालाचा गाभा तोच आहे. तू विचारलेल्या 'करणार काय'चं उत्तरही तेच.

त्याच घरांत दुसरा घोळ दारूच्या प्रश्नाचा. प्रमाणित प्रश्नावलीत विचारायचं असतं, एका वेळी किती 'ड्रिंक' घेता. एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आता एप्रिलच्या संध्याकाळी सत्तरीतल्या म्हाताऱ्याला हे कसं विचारणार? "दारू? छे छे, मी दारूला शिवत नाही," असं म्हणून तो समोरचा हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूचा पेला उचलतो. खोटं बोलत नसतो बिचारा. हुर्राक त्याच्या लेखी मोसमाचं सरबत. शेवटी मी वर्गात बसून गणित मांडलं. फेणी 42.8 टक्क्यांची धरली तर 30 मिलीचा पेग म्हणजे जवळजवळ बरोबर एक ड्रिंक. हुर्राक साधारण 15 टक्क्यांचा धरला तर 85 मिली. मग घरोघरी त्यांचाच पेला मागून मापाने पाणी ओतून पाहिलं. एका आजोबांनी त्या पाण्याकडे ज्या दुःखाने पाहिलं, ते तू पाहायला हवं होतंस! अशी मापं न घेता कुणी कोष्टक छापलं, तर अख्खी सत्तरी निर्व्यसनी निघेल.

तुला आवडेल असं एक सांगते. गोव्यातल्याच 'संगाथ' या संस्थेने डिप्रेशन आणि चिंतेच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेल्या, स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. त्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांत सुधारणा स्पष्ट दिसली, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. औषध तेच, समुपदेशक त्याच प्रकारचे, मग असं का? आमच्या वर्गात यावर दोन गट पडले आणि चहा थंड झाला. माझा गट म्हणत होता की खासगीतला फॅमिली डॉक्टर मुळातच पेशंटला नावाने ओळखतो, दोन शब्द बोलतो. तिथे समुपदेशकाने नवीन भर काय घालायची? सरकारी केंद्रात ते दोन शब्दच नव्हते. तू दोन्हीकडे पोस्टिंग केलीयस, तुझं काय म्हणणं?

इतिहासाचा पेपर मला आधी शिक्षा वाटला होता. पण 1897 चा प्लेग आणि रँड आपण शाळेत क्रांतिकारकांच्या धड्यात वाचला; इथे तोच धडा आरोग्याच्या बाजूने वाचायला मिळाला. रोग शोधण्यासाठी घरात शिपाई घुसवले की लोक रोगी लपवतात, साधी गोष्ट. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आणि आपण म्हणतो ती साहेबाची गोष्ट झाली, आपण तसं करणार नाही. मग म्हापसा बघ. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. गोवा, दमण आणि दीवच्या 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती. पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळात त्याला 64 दिवस एकटं ठेवलं. त्याची आई, ल्युसी डिसोझा, उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. 1992 मध्ये त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो वारला. आम्हाला हा निकाल पूर्ण वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात प्रश्नावली घेऊन उभी राहिले, तेव्हा 'भरू का?' हे विचारायला माझा आवाज आपोआप खाली आला.

आता तुझ्या गावाचं. महाराष्ट्रातल्या दोडामार्गला राहून बारावीपर्यंत तू रोज हद्द ओलांडून गोव्यात डिचोलीला यायचीस, आपल्याला त्या चेकनाक्याचं कधी काही वाटलं नाही. पण आरोग्याच्या नकाशावर तो नाका फार मोठा आहे. तुमच्या तालुक्यातल्या माणसाला काही मोठं झालं की तो ओरोसला किंवा कोल्हापूरला जात नाही, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात येतो, जवळ तेच. 1842 मध्ये पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा, आणि त्याचा आधार सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंत. 2018 च्या सुरुवातीला परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेणं सुरू झालं तेव्हा तुमच्याकडे आंदोलन पेटलं होतं, आठवतंय? आपण तेव्हा शाळेत. आपल्याला वाटलं, मोठ्यांची भांडणं. आज मी त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी बघते. गोव्याचा करदाता म्हणतो, आमच्या खाटा आम्हाला पुरत नाहीत. दोडामार्गचा माणूस म्हणतो, गोव्यातली निम्मी बांधकामं आणि भाजीबाजार आमच्या हातावर चालतात, मग आजारी पडल्यावर परका कसा? दोघांचंही खरं आहे. कुठल्या इस्पितळाचा खर्च कुणी उचलायचा हे ठरवायला अर्थशास्त्र लागतं, आणि परका कोण हे ठरवताना काय चालतं ते समजायला समाजशास्त्र.

परक्यांवरून मलेरियाचंही तसंच. पणजीत बांधकामं वाढली तसा तो वाढला. त्याचा शहरी डास ओल्या स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात, लिफ्टच्या खड्ड्यात, गच्चीवरच्या टाकीत अंडी घालतो. आणि गावभर बोलतात काय, तर बाहेरच्या मजुरांनी आणला! मजूर तिथे पत्र्याच्या खोलीत, जाळीशिवाय झोपतो, पहिला डास त्यालाच चावतो. त्याला आरोग्य कार्ड काढायला लावलं, ते बरंच झालं. पण स्लॅबवरचं पाणी ठेवणारा ठेकेदार त्या कार्डावर कुठेच नसतो.

तुझा दुसरा प्रश्न, पोटापाण्याचा. खरं सांगायचं तर पदवीवर लगेच मोठी नोकरी नाही. सर्वेक्षणाची कामं मिळतात, संस्थांत क्षेत्र-समन्वयक होता येतं, पगार बेताचा. पुढे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करायची तर मुंबईला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, तिथे डॉक्टर नसलेल्यांनाही घेतात. दिल्लीला जेएनयूत सामाजिक वैद्यकाचं केंद्र आहे. आईला मुंबई चालेल, दिल्लीचं नाव काढलं की ती भांडी जोरात आपटते. मी टिसचा फॉर्म भरणार. संख्याशास्त्र मात्र घोटायला हवं. माझं गणित तुला माहीत आहे, पण या वर्षी पहिल्यांदाच वाटलं की हे आकडे माणसांचे आहेत. तू वॉर्डात बघतेस ते आलेले पेशंट, म्हणजे अंश. छेद गावात राहतो: जे आलेच नाहीत, ज्यांना बस मिळाली नाही, ज्यांनी पावणीपायी ताप अंगावर काढला. छेद मोजल्याशिवाय तुमच्या अंशाला अर्थ नाही गं. डॉक्टरणीला हे ऐकवताना मला केवढं बरं वाटतंय!

म्हणून एक काम सांगते. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येकीला गावातली काही कुटुंबं दत्तक मिळालीत ना, जिथे जाऊन तुम्ही बीपी बघता आणि फोटो काढता? पुढच्या वेळी बीपीचं मशीन पिशवीतच राहू दे. प्रत्येक घरी एवढंच विचार: शेवटचं कुणी आजारी पडलं तेव्हा आधी कुणाकडे गेलात, तिथवर जायला किती पैसे लागले, आणि ते कुठून आणले. घरातल्या पुरुषाला नको, बाईला विचार, आणि सासू समोर नसताना. नावं लिहू नकोस. मिरजेची ती उत्तरं आणि माझी सत्तरीची शेजारी शेजारी ठेवून बघायचीत मला.

गणेश चवथीला घरी येशील तेव्हा वही घेऊन ये. दोडामार्गला मीच येईन, तुझ्या आईच्या हातची खतखत्याची भाजी खाल्ल्याला दोन चवथी उलटल्या. आणि येताना झोप पूर्ण करून ये, रात्रभर भांडायचं आहे.

तुझी,
मेघा